भोपीकाकांचे पर्मनंट पोपट

रोज संध्याकाळी सव्वासहाला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पोपटांची हजेरी होते. हजेरी घेणारा माणूस एकाहत्तर वर्षांचा आहे. काखेत लांबुळकं मस्टर, कानावर पेन्सिल, अंगात बंडी आणि पायात कारखान्याने दिलेले जुने बूट. एखादा पोपट सव्वासहाऐवजी साडेसहाला आला, तर हा माणूस त्याला लेट मार्क लावतो. उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की हजेरीची वेळ बदलते आणि तशी लेखी सूचना गच्चीच्या दारावर लागते. पोपट ती वाचत नाहीत हे खरं. पण सोसायटीच्या सूचना माणसं तरी कुठे वाचतात? मी सेक्रेटरी आहे, मला विचारा.

यांचं नाव नामदेव भोपी. बदलापुरातल्या अख्ख्या खरवईचे भोपीकाका. आमची बिल्डिंग उभी आहे ती जागा म्हणजे यांच्या वडिलांची वाडी. वाडी गेली, बिल्डिंग आली आणि काका त्याच जागेवर, पण तिसऱ्या मजल्यावर राहू लागले. अंबरनाथच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता गेटातून आत आलं, कोण भोंगा झाल्यावर आलं, कोण दुसऱ्याचं कार्ड पंच करतंय, हे सगळं बघणं हे त्यांचं काम. कारखान्यातले जुने लोक सांगतात, की गेटावर घड्याळ होतं, पण कामगार भोपीकाकांच्या भुवया बघून ठरवायचे, पळायचं की चालायचं. काका रिटायर झाले तेव्हा त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. कोरी मस्टरं त्यांनी स्वतः मागून घेतली.

आता तुम्हाआम्हाला पोपट म्हणजे पोपट. हिरवा, लाल चोचीचा, पेरूची नासाडी करणारा. काकांकडे मात्र दोन वर्ग आहेत. नेहमीचे दिसतात ते कंठवाले पोपट म्हणजे बदली कामगार. आज शंभर येतील, उद्या दहा. त्यांची नुसती संख्या टाकायची. दुसरा तो पहाडी पोपट. आकाराने चांगला दीडपट, चोच एवढी दणकट की सुपारी फोडेल, आवाज जाड आणि खांद्यावर लाल डाग. तो पर्मनंट.

"खांद्यावरचा लाल बिल्ला बगा," काका नवीन माणसाला सांगतात. "बिल्ला असला तर पर्मनंट. पर्मनंटची भरती बंद हाय. हायेत तेवढेच. रेकॉर्डला राहू दे."

'रेकॉर्डला राहू दे' हे काकांचं पालुपद. लिफ्ट बंद पडली, रेकॉर्डला राहू दे. पाण्याचा टँकर आला नाही, रेकॉर्डला राहू दे. एकदा माझ्या बायकोने त्यांना उकडीचे मोदक नेऊन दिले, तर एक मोदक खाऊन म्हणाले, "वहिनी, फस्क्लास. रेकॉर्डला राहू दे." ती आठवडाभर खुशीत होती. माझ्याकडून असं काही रेकॉर्डला जात नाही, असंही तिने ऐकवलं.

पर्मनंटची भरती का बंद झाली, तेही काकांनीच मला समजावलं. या पोपटाला घरट्यासाठी जुन्या, उंच झाडाची ढोली लागते. काटक्या जमवून घरटं बांधणं त्याला जमत नाही. आणि ढोली पडते ती म्हाताऱ्या झाडाला. आपण म्हातारं झाड दिसलं की पहिलं तोडतो. वर हा पक्षी बोलतो फार छान, म्हणून त्याची पिल्लं ढोलीतून काढून विकतात. कायद्याने बंदी आहे, पिंजऱ्यात ठेवणाराही गुन्हेगार ठरतो, तरी चालतं ते चालतंच. एवढं सांगून काकांनी एकदम मस्टर मिटलं होतं. मला वाटलं, दम लागला असेल.

पिंजऱ्यावरून जेठाशेठची गोष्ट सांगायलाच हवी. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जेठाशेठचं प्लायवूडचं दुकान आहे. काका कपाटाच्या फळ्या आणायला गेले, तर गल्ल्याच्या वर पिंजरा आणि पिंजऱ्यात लाल बिल्लेवाला पहाडी. काकांनी फळ्या घेतल्याच नाहीत. पुढच्या रविवारी ते मस्टर घेऊन दुकानात गेले, पिंजऱ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

"साईं, क्या लिख रहे हो?" शेठने विचारलं.

"ह्याची गैरहजेरी," काका म्हणाले. "ड्यूटी झाडावर हाय ह्याची. विनापरवाना गैरहजर हाय. नोटीस कुनाला काढू, ह्याला का तुमाला?"

शेठ हसला. म्हणाला, "अरे साईं, ये मेरा बच्चा है. राम राम बोलता है, गिऱ्हाईक खूश होतं." दुसऱ्या रविवारी काका परत हजर. तिसऱ्या रविवारी गिऱ्हाइकंच विचारू लागली, की शेठ, हे इन्स्पेक्टर कुठल्या खात्याचे? सहाव्या रविवारी जेठाशेठने हात जोडले आणि स्वतः वनखात्याच्या माणसांना बोलावून पिंजरा त्यांच्या हवाली केला. गंमत म्हणजे त्या दिवशी शेठ रडला आणि काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. आता दोघांची घट्ट मैत्री आहे. दुकानात प्लायवूड घेणाऱ्या प्रत्येकाला शेठ ऐकवतो, "साईं, पोपट पालना नहीं. भोपीसाब आ के बैठ जाएगा."

इथवर मला भोपीकाका म्हणजे एक करमणूक होती. खरी गाठ पडली ती बेहड्यावरून.

आमच्या मागच्या कुंपणाजवळ एक अवाढव्य बेहडा आहे. काकांच्या वाडीतलं उरलेलं शेवटचं झाड. अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं, आणि वर, जिथे जाड फांदी फुटते तिथे, एक ढोली. डिसेंबरात त्याची एक फांदी मोडून आमचे चेअरमन सावंत यांच्या नव्या गाडीवर पडली. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता. लगेच विशेष सभा भरली, झाड काढायचं ठरलं, तिथे चार गाड्यांची जागा होते असं मीच मोजून सांगितलं आणि नगरपालिकेकडे परवानगीचा अर्जही मीच टाकला. ठरावाच्या विरोधात एकच हात वर होता.

"ढोलीत पर्मनंट जोडपं आलंय," काका म्हणाले. "अंडी घालनार. पर्मनंट कामगाराला नोटिशीबिगर काढता येत नाय."

सभा हसली. काकाही हसले. मग म्हणाले, "बरं, आमच्या गावची पद्धत तरी पाळा. झाड तोडायच्या आधी बुंध्याशी नारळ ठेवायचा आनि राहनाऱ्यांना सांगायचं, की बाबांनो, दुसरीकडं बिऱ्हाड करा. चेअरमनच्या हातानं ठेवू."

यात कुणाची हरकत असणार? सावंत पडले कोकणातले. नारळ आणि गाऱ्हाणं म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. रविवारी सकाळी सोवळ्यात आले, बुंध्याशी नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ह्या झाडार जो कोन ऱ्हवता, तेका खयचीच इजा जाव नये, तेका दुसरी बरी जागा गावांदे, तेचा पोराबाळांचा बरा होवंदे रे म्हाराजा."

आम्ही सगळे भक्तिभावाने म्हणालो, "होय म्हाराजा."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "पोराबाळांचं बरं होवंदे. रेकॉर्डला राहू दे," म्हणाले आणि ते वाक्य जसंच्या तसं मस्टरमध्ये उतरवून खाली सावंतांची सही घेतली. सावंतांनी सही केली. कागद वाचायच्या आधी सही करायची सवय मोठ्या माणसांना असते. दोन मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, की देवापुढे आपण पोपटाच्या पिल्लांची जबाबदारी घेतली आहे. कोकणी माणूस सोसायटीचा ठराव मोडेल, उपविधी मोडेल, गाऱ्हाणं मोडायचा नाही. झाड तोडायचं ते पिल्लं उडाल्यावर, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बुंध्यावर सुतळीने बांधलेला कागद दिसला:

"सूचना. बेहड्याच्या ढोलीत राहणाऱ्या पर्मनंट जोडप्यास कळविण्यात येते की, सोसायटीस सदर जागा वाहनांसाठी हवी आहे. आपले काही म्हणणे असल्यास पिल्लांना पंख फुटल्यावर मांडावे. तोवर कोणतीही कारवाई होणार नाही. टाइम ऑफिस."

फेब्रुवारीत ढोलीतून कुरकुर ऐकू यायला लागली. पिल्लं दोन असावीत, असं काका म्हणाले. नर दिवसभर हिंडून यायचा, चोचीला चोच लावून मादीला भरवायचा, मादी आत जायची. काकांनी नराला ओव्हरटाइम मांडायला सुरुवात केली.

आणि याच महिन्यात मी माती खाल्ली.

झालं असं, की दोन माणसं मोटारसायकलवर आली. म्हणाली, वाळक्या फांद्या फुकट छाटून देतो, लाकूड आमचं. सावंतांच्या गाडीवर आणखी एक फांदी पडण्याची मला धास्ती होतीच. फुकट म्हटल्यावर माझ्यातला सेक्रेटरी विरघळला. फक्त एक अट घातली त्यांनी, काम दुपारी करू, बायका-पोरांची वर्दळ नको. मला हे जबाबदारीचं लक्षण वाटलं. मी त्या दिवशी अर्धी रजा काढून खुर्ची टाकून बसलो, देखरेखीला. एक जण दोर लावून वर चढला. छान चढत होता. पोपटांचं जोडपं मात्र झाडाभोवती घिरट्या घालत किंचाळत होतं. मी म्हटलं, किंचाळणारच.

तेवढ्यात भोपीकाका आले. दुपारची झोप अर्धी टाकून, लुंगीवर, अनवाणी. बूट न घालता बाहेर पडलेले काका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"उतर," ते वर बघून म्हणाले.

"काका, फांदी छाटतोय. सेक्रेटरीसाहेबांनी बोलावलंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"फांदी छाटनारा झाडाला कान लावत नाय," ते म्हणाले. "आनि गल्यात फडक्याची पिशवी अडकवत नाय. पिल्लांना ऊब राहावी म्हनून फडक्याची घेतलीस. कोनी शिकवलं तुला?"

खालच्याने मोटारसायकलच्या दिशेने दोन पावलं टाकली.

"हात पुढून घालनार व्हतास ना?" काकांनी डावा हात वर केला. त्या हाताच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नाही. मशीनमध्ये गेलं, असं ते आम्हाला सांगत आले होते. टाइम ऑफिसात कसली आली मशीन, हे इतक्या वर्षांत माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. "मीपन पुढूनच घातलेला. याच ढोलीत, सोळा वर्साचा असताना. पिल्लांच्या आईनं एका फटक्यात तोडलं. उतर, बाला. तुझं वय हाय अजून बोटांचं."

माणूस उतरला. उतरल्यावर काकांनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग त्याच्या गळ्यातली पिशवी काढून घेतली. दोघं पळाले तसा मी कसाबसा मोटारसायकलचा नंबर टिपला आणि वनखात्याला फोन लावला. फोनवर बोलताना मला माझी स्वतःची लाज वाटत होती. ते मी लपवणार नाही.

"काका, तुम्ही काढायचात पिल्लं?" मी विचारलं.

"दर वर्सी," ते म्हणाले. "नोकरी लागेपर्यंत. पंचक्रोशीत माझ्यासारखा चढनारा नव्हता. चार काढली तर विकायला नेताना स्टेशनपर्यंत दोन जगायची." एवढंच बोलून ते वर गेले, बूट घालून परत आले आणि बुंध्याशी बसले. त्या रात्रीचं जेवण त्यांनी तिथेच केलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ ड्यूटी चार्ट लागला. तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत दोन माणसं, बेहड्यावर पहारा. मला वाटलं, कोण येतंय. पण मंडळी, मला आमच्या सोसायटीचा अभिमान वाटतो तो इथे. एकूण एक घर आलं. बी विंगमधली कॉलेजची मुलं आली, नाइट ड्यूटी करून आलेली नर्स आली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी खुर्ची घेऊन आल्या. सावंत पहाटेच्या पाळीला मफलर गुंडाळून बसायचे. जेठाशेठ कॅम्प पाचहून चहाचा थर्मास घेऊन रविवारी येऊ लागला आणि त्याचंही नाव मस्टरमध्ये चढलं, बदली म्हणून. मी पहिल्याच दिवशी सात मिनिटं उशिरा पोचलो आणि मला लेट मार्क लागला. माझी बायको हे अजून पाहुण्यांना सांगते.

मार्चच्या शेवटी पहिलं पिल्लू उडालं. कुणाला कळायच्या आत ढोलीतून निघालं आणि समोरच्या सावरीच्या झाडावर जाऊन बसलं. दुसरं मात्र भित्रं. तोंड बाहेर काढायचं, खाली बघायचं, परत आत. आईबाप सावरीवरून हाका मारायचे, हे आतून उत्तर द्यायचं, बाहेर यायचं नाव नाही. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पन्नासेक माणसं झाडाखाली उभे होतो, ऑफिसला उशीर झालेली. पिल्लू ढोलीच्या काठावर आलं, डगमगलं आणि सुटलं. आधी दगडासारखं खाली आलं, मग पंख लागले, बी विंगच्या गच्चीच्या कठड्यावर धडपडलं, तिथून परत उडालं आणि सावरीवर आईच्या शेजारी जाऊन बसलं.

आम्ही टाळ्या वाजवणार तोच काका कुजबुजले, "आवाज नको. घाबरंल." मग आम्ही नुसते एकमेकांकडे बघत राहिलो. सावंतांनी डोळे पुसले आणि वर बघून बघून पाणी आलं असं सांगितलं.

त्या रविवारी काका स्वतःच कमिटीपुढे आले. बुंध्यावरची सूचना त्यांनी सोडून आणली होती. "नोटिशीची मुदत संपली," म्हणाले. "शब्द तो शब्द. आता तोडायचं तर तोडा."

मी काही बोलायच्या आत सावंत उठले. "मी देवाक काय सांगलंय? दुसरी बरी जागा गावांदे. गावली काय तेंका? नाय गावली. मगे बसा खाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि सेक्रेटरी, तो परवानगीचा अर्ज मागे घ्या. वाळक्या फांद्यांना आधार द्यायचा खर्च मी करतो." ठराव एकमताने झाला. मी इतिवृत्त लिहिलं. एवढं सुवाच्य अक्षर माझं लग्नपत्रिकांच्या पत्त्यांवरही आलं नव्हतं.

सभा संपली, लोक पांगले. काका दिसेनात म्हणून मी मागे गेलो, तर ते बेहड्याखाली एकटेच उभे होते. मी अभिनंदन केलं. म्हटलं, काका, तुमच्यामुळे आज सगळ्या बदलापुरात आपली मान ताठ झाली.

"आमच्या घरात पाळना हलला नाय," ते एकदम म्हणाले. "गावात म्हनायचे, नाम्यानं पिल्लां काढली, त्याचा तलतलाट लागला. मी हसायचो. आमची चंद्रा नाय हसायची. लगीन होऊन आली तेवाच कोनीतरी तिला ही ढोली दाखवली. मग ती मरेपर्यंत या झाडाखालनं रोज गेली. विहिरीला जाताना, येताना. मान खाली घालून. एकदापन वर नाय बघितलं."

"काका, असला तळतळाट वगैरे काही नसतो हो," मी म्हणालो.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "तिला नव्हतं ना. मी सांगायला पायजे व्हतं, तर मी हसत बसलो."

सावरीवर दोन्ही पिल्लं आईच्या दोन बाजूंना बसली होती. बाप खालच्या फांदीवर फुलात चोच घालून काहीतरी शोधत होता. काकांनी त्यांच्याकडे बघत बंडी नीट केली.

"दोन्ही नीट गेली," ते म्हणाले. "आज असती ना सेक्रेटरी, तर मी तिला हाताला धरून हितं आनली असती. हनुवटीला हात लावून म्हनालो असतो, आता बग वर."